दुरुस्तीचा हक्क आणि दुरुस्तीची विद्या

माळव्याचा बटाटा, कांदा आणि लसूण घेऊन इंदूरच्या चोइथराम मंडईकडे निघालेल्या छोट्या मालवाहू गाड्यांपैकी एखादी आग्रा-मुंबई रस्त्यावर मध्येच बंद पडली, तर त्याची बातमी होत नाही. व्हावी असेही कोणी म्हणणार नाही. परंतु त्या एका गाडीच्या मागे किती जणांचा दिवस अडलेला असतो याचा हिशेब मांडला, तर ही घटना वाटते तितकी क्षुल्लक राहत नाही. शेतकऱ्याचा माल उन्हात पडून राहतो, मंडईतील लिलावाची वेळ टळते, गाडीमालकाचे त्या दिवसाचे भाडे बुडते आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला दारात उभा राहतो. इतक्या सर्व अनर्थाचे मूळ शोधू गेल्यास अनेकदा असे आढळते की, इंजिन धडधाकट आहे, टाकीत डिझेल आहे, बॅटरी ताजी आहे आणि दोष आहे तो बोटभर लांबीच्या एका सेन्सरमध्ये. हा सेन्सर एका बोल्टने बसविलेला असतो. तो काढून नवा बसविण्यास कित्येक गाड्यांत अर्धा तासही पुरतो. तरीही त्यासाठी गाडी ओढून न्यावी लागते, दोन-दोन दिवस रांगेत उभी करावी लागते आणि भागाच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक पैसा मोजावा लागतो. असे का व्हावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

इंदूरचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत. हे शहर गोमंतकीयांना परके नाही. होळकरांच्या या राजधानीशी मराठी माणसाचा संबंध अडीच शतकांहून जुना आहे आणि मंगेशीच्या दीनानाथांची कन्या लता १९२९ साली जन्मली ती याच गावी. परंतु येथे इंदूर महत्त्वाचे आहे ते निराळ्या कारणाने. शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, धार जिल्ह्याच्या हद्दीत, पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. आयशरने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने हलक्या मालमोटारी बांधण्यास १९८६ मध्ये तेथेच आरंभ केला. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, आपला दुसरा कारखाना तेथेच उभारला. वाहनांची कसोटी घेणारी ‘नॅट्रॅक्स’ ही राष्ट्रीय संस्थाही तेथेच असून तिच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. सारांश, मोटार बनविणे आणि पारखणे या दोन्ही विद्या ज्या गावाच्या उंबरठ्यावर नांदतात, त्या गावातील गाडीमालकाला स्वतःच्या गाडीत काय बिघडले हे समजू नये, अशी ही विसंगती आहे. कारखाना जवळ असला म्हणजे ज्ञान जवळ येते असे नाही, याचा यापेक्षा बोलका पुरावा शोधावयास नको.

मूळ वस्तू काय आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या डिझेल इंजिनात इंधन केव्हा व किती सोडावयाचे हे पंपाची दंतचक्रे ठरवीत. बिघाड कानाला ऐकू येई, नाकाला कळे, हाताला लागे. आजच्या इंजिनात हा निर्णय एक छोटा संगणक घेतो आणि त्याचे डोळे व कान म्हणजे निरनिराळे सेन्सर. पाण्याचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे वजन, इंधनाचा दाब, पायाखालच्या पॅडलची स्थिती असे कितीतरी तपशील ते क्षणोक्षणी कळवीत असतात. त्यांतील प्रमुख मानावा लागेल तो क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर. त्याची रचना पाहिली तर आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. एक लोहचुंबक, त्याभोवती तारेचे वेटोळे आणि समोर सुमारे एक मिलिमीटर अंतरावरून फिरणारे दातेरी चक्र. दाता समोरून गेला की वेटोळ्यात विजेची एक लहर उठते. अनेक इंजिनांत या चक्रावर ६० दात्यांची जागा असून त्यांतील २ दाते हेतुतः गाळलेले असतात. ती रिकामी जागा समोर आली की क्रँकशाफ्ट नेमका कोठे आहे हे संगणकाला उमगते. ही लहर थांबली तर पिस्टन वर आहे की खाली, हेच संगणकाला कळत नाही. मग तो इंधन सोडीत नाही आणि इंजिन कितीही फिरविले तरी सुरू होत नाही.

या सेन्सरचे दुखणेही लबाड असते. वेटोळ्याची तार आतून तुटत आली की गाडी थंड असताना ती जुळून राहते आणि इंजिन तापले की फाकते. परिणामी मानपूरचा घाट चढताना गाडी बंद पडते, तासाभराने आपोआप सुरू होते आणि मिस्त्रीपुढे उभी केली की तिचे काहीच बिघडलेले नसते. मालकावर मात्र खोटे बोलल्याचा आळ येतो. एरवी चालकासमोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि संगणकाच्या स्मरणात एक संकेतांक नोंदला जातो. क्रँकशाफ्टच्या सेन्सरच्या मंडलाचा दोष बहुतेक सर्व जगात ‘पी ०३३५’ या एकाच संकेतांकाने ओळखला जातो. अमेरिकेत १९९६ सालापासून हलक्या मोटारींना असा स्वयंनिदानाचा संच सक्तीचा झाला. आपल्याकडे तो भारत स्टेज ४ च्या मानकांबरोबर टप्प्याटप्प्याने आला. ही मानके १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशभर व भारत स्टेज ६ ची मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि तेव्हापासून गल्लीबोळातल्या पिकअपलाही संगणक चुकला नाही.

आता हे काम घरच्या अंगणात करता येते काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्याला काही अटी आहेत आणि त्या अटींतच या विषयाचे सार आहे. संकेतांक दोषाचा पत्ता सांगतो. दोषी कोण हे तो सांगत नाही. ‘पी ०३३५’ याचा अर्थ त्या मंडलात कोठेतरी खंड पडला आहे एवढाच. तो सेन्सरमध्ये असेल, त्याच्या तारेत असेल, जोडणीच्या पिनेवर चढलेल्या हिरव्या गंजात असेल, किंवा उंदराने कुरतडलेल्या आवरणातही असेल. संकेतांक वाचला आणि नवा सेन्सर विकत आणला, ही घाई आज मालक व मिस्त्री दोघेही करतात. एका भागाने भागले नाही म्हणून दुसरा, दुसऱ्याने नाही म्हणून तिसरा, अशी खरेदी होत राहते आणि शेवटी दोष निघतो तो दोन रुपयांच्या पिनेत. गोमंतकीय मालकांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. मालीम किंवा कुटबणच्या धक्क्यावरून मासळी वाहणाऱ्या गाड्यांना खारी हवा, बर्फाचे पाणी आणि आपला चार महिन्यांचा पाऊस यांचा मार सतत सोसावा लागतो. तेथे प्रथम संशय घ्यावा तो जोडणीचाच.

म्हणून क्रम असा असावा. चावी फिरवून इंजिन फिरत असता फलकावरील फेऱ्यांचा काटा मुळीच हालत नसेल, तर क्रँकशाफ्टची खबर संगणकापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. जोडणी उघडून पिना पाहाव्यात, पुसाव्यात, तार हाताने तपासावी. दोन तारांचा चुंबकीय सेन्सर असेल तर मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. तो सामान्यतः काही शे ते हजार-दीड हजार ओहम भरतो, पण नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. इंजिन थंड असताना एकदा आणि तापल्यावर एकदा मोजावा, कारण लबाडी तेथेच उघडी पडते. तीन तारांचा सेन्सर निराळ्या तत्त्वावर चालतो. त्याची परीक्षा या रीतीने होत नाही. सेन्सरच दोषी ठरला तर बॅटरीची ऋण तार सोडावी, बसविण्याच्या भोकाभोवतीची माती पुसून घ्यावी, बोल्ट काढून सेन्सर न पिळता सरळ ओढावा, नव्याच्या रबरी कड्याला तेलाचे बोट लावावे आणि बोल्ट बेताने आवळावा. भागाचा क्रमांक जुन्याशी ताडून पाहावा. काही इंजिनांत नव्या सेन्सरची ओळख संगणकाला करून द्यावी लागते. यापलीकडे या कामात गूढ असे काही नाही.

गूढ नाही, तर मग सामान्य मालकाला ते दुर्गम का वाटते? कारण यांतील ‘नेमका आकडा’, ‘भागाचा क्रमांक’ आणि ‘ओळख करून देणे’ या तीन गोष्टी बाजारात सहजी मिळत नाहीत. सियागंजच्या दुकानात पाना मिळतो, मल्टिमीटर मिळतो, संकेतांक वाचणारे स्वस्त उपकरणही मिळते. विजेच्या मंडलांचा नकाशा आणि दुरुस्तीची अधिकृत पुस्तिका मात्र कंपनी आपल्या अधिकृत केंद्रांपलीकडे जाऊ देण्यास नाखूश असते. हा केवळ आमचा तर्क नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या निर्णयात नेमक्या याच वर्तनावर बोट ठेवले. सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा स्पर्धेचा भंग आहे, असे ठरवून आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीलाही आयोगाने मनाई केली. पुढे हा वाद अपिले व न्यायालये यांच्या फेऱ्यांत सापडला. दंडाचा प्रश्न न्यायालयांनी सोडवावा, पण ज्या तत्त्वाचा उच्चार झाला ते तत्त्व मंडईतल्या गाडीमालकापर्यंत अद्याप चालत गेलेले नाही, हे कोणाही गॅरेजात डोकावले असता दिसून येते.

इतर देशांनी या बाबतीत काय केले? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. कंपनी आपल्या विक्रेत्याला जी माहिती व जी साधने देते तीच रास्त किमतीत मालकाला व स्वतंत्र मिस्त्रीलाही दिली पाहिजेत, असा तेथील कायद्याचा आशय आहे. युरोपीय संघाने २००७ च्या नियमावलीतच हे बंधन उत्पादकांवर घातले होते. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे त्यासाठी निवडली. पाऊल स्तुत्य आहे. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने स्वेच्छेने जेवढे सांगावे तेवढेच ग्राहकाने ऐकावे, अशी व्यवस्था असेल तर तिला सौजन्य म्हणता येईल. हक्क म्हणता येणार नाही.

कंपन्यांची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, आधुनिक वाहन हे प्रदूषण, सुरक्षा आणि चोरीपासून संरक्षण या तिन्ही दृष्टींनी नाजूक झाले आहे. अशिक्षित हातांत त्याच्या किल्ल्या दिल्या तर अनर्थ ओढवेल. या म्हणण्यात तथ्य आहे. कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब १,६०० बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सोळाशे पटीच्या, घरात जातो. ती नळी चालू इंजिनावर सैल केली तर डिझेलची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरू शकते आणि हात गमवावा लागू शकतो. एअरबॅगची जोडणी व ब्रेकची यंत्रणा यांनाही घरगुती प्रयोगाचे वावडे आहे. या गोष्टींना अंगणात कोणी हात लावू नये, हे आम्हीही तितक्याच आग्रहाने सांगू. परंतु इंधनाची नळी धोकादायक आहे म्हणून क्रँकशाफ्टच्या सेन्सरचा रोध गुप्त ठेवावा, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. घरात विजेचा धक्का बसतो म्हणून दिवा बदलण्यास कोणी मनाई केली नाही. कोणते काम मालकाचे, कोणते प्रशिक्षित मिस्त्रीचे आणि कोणते केवळ अधिकृत केंद्राचे, अशी सीमा कंपन्यांनीच आखून जाहीर केली तर त्यांचा आक्षेप व मालकाचा हक्क या दोहोंचा मान राहील.

उलट, माहिती दडवून ठेवल्याने सुरक्षितता वाढत नाही, जुगाड वाढतो. दिवा का लागला हे न कळल्यामुळे दिव्याचीच तार तोडली जाते. धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी बसविलेली झडप पत्रा ठोकून बंद केली जाते, गाळणी आतून पोकळ केली जाते आणि संगणकाची आज्ञावलीच बदलून देणारे महाभागही भेटतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वाहनात असा बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. बिघडलेल्या सेन्सरच्या जागी त्याच जातीचा नवा सेन्सर बसविणे हा फेरफार नव्हे, ती दुरुस्ती होय; आणि सरळ दुरुस्तीचा मार्ग जितका सोपा व स्वस्त तितका वाकड्या वाटेचा मोह कमी. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून ओळीने सात वेळा पहिला आलेल्या इंदूरला हे निराळे सांगावयास नको. रस्त्यावरचा कचरा उचलता येतो, हवेतला उचलता येत नाही. तो ज्या गाडीतून निघतो तेथेच अडवावा लागतो आणि तेथे पहारा असतो तो याच सेन्सरांचा.

राहता राहिला प्रश्न मिस्त्रीचा. ज्या मिस्त्रीने नुसत्या आवाजावरून व्हॉल्व्हचा दोष ओळखला, टेम्पो आणि मॅटाडोर यांच्या पिढ्या जगविल्या, तो आज संगणकासमोर अडाणी ठरविला जात आहे. हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची बुद्धी कमी झालेली नाही. त्याच्या हाती पुस्तक नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे व त्यांत विजेची उपकरणेही शिकवितात. परंतु वीस वर्षे पाना चालविलेल्या कारागिराने पुन्हा दोन वर्षे बाकावर बसावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. त्याच्यासाठी संध्याकाळचे चार-सहा आठवड्यांचे वर्ग हवेत, ते त्याच्या भाषेत हवेत आणि त्यांत खऱ्या गाडीवर खरा दोष शोधण्याचा सराव हवा. पीथमपूरच्या कारखान्यांनी इंदूरच्या संस्थांना आणि वेर्ण्याच्या उद्योगांनी गोव्याच्या संस्थांना याकामी हात दिला, तर त्यांच्या ताळेबंदात त्याचा पत्ताही लागणार नाही. पण शेकडो गॅरेजांचे भवितव्य बदलेल.

बनावट सुट्या भागांचा धंदाही याच अंधारावर पोसला आहे. अस्सल भाग कोणता व त्याची किंमत काय, हे उघड झाले की नकली मालाचा निम्मा धीर सुटतो. म्हणून आमची मागणी तीन कलमांची आहे. पहिली, प्रत्येक व्यापारी वाहनाबरोबर संकेतांकांची यादी, सेन्सरांच्या जागा, त्यांची मोजमापे व भागांचे क्रमांक देणारी पुस्तिका मराठी व हिंदीसह देशी भाषांत मिळावी. दुसरी, जी निदान-साधने अधिकृत केंद्राला मिळतात ती नोंदणीकृत स्वतंत्र गॅरेजांना रास्त मोबदल्यात मिळावीत. तिसरी, या दोहोंना संकेतस्थळाच्या सौजन्याऐवजी कायद्याचा आधार मिळावा. गोवा सरकारला तर यातील काही भाग दिल्लीची वाट न पाहताही करता येईल. सरकारी खात्यांसाठी वाहने विकत घेताना दुरुस्तीची पुस्तिका व निदानाची साधने पुरविण्याची अट निविदेत घालणे हे पूर्णतया राज्याच्या अधिकारातले आहे.

वाहन विकत घेतले म्हणजे ते समजून घेण्याचा अधिकारही विकत घेतला, असे आजवर कोणाला मुद्दाम सांगावे लागले नव्हते. बैलगाडीच्या धुरेला वंगण कोणी घालावे याची परवानगी शेतकऱ्याने सुताराकडे मागितली नाही आणि होडीचे भोक बुजविण्यापूर्वी आपल्या खारव्याने कोणाचा दाखला पाहिला नाही. यंत्र बदलले, तसा हा अधिकार नकळत हातचा जात आहे आणि त्याची किंमत सर्वांत अधिक मोजतो आहे तो एकाच गाडीवर पोट असलेला माणूस. ज्याच्याकडे वीस गाड्या आहेत त्याची एक उभी राहिली तरी एकोणीस धावतात. ज्याच्याकडे एकच आहे, त्याच्या घरची चूल त्या बोटभर सेन्सरवर पेटते. त्याला दयेची वा अनुदानाची गरज नाही. त्याच्या गाडीची माहिती त्याला मिळावी, एवढीच त्याची मागणी आहे आणि ती नाकारण्यास सबळ कारण आम्हांस तरी दिसत नाही.